उरलेले दोन आणे

रत्नागिरीच्या आमच्या घरी माजघरालगतच्या काळोख्या खोलीत वैशाखात हापुसाची अढी लागे, आणि वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी, वडीलधाऱ्यांची नजर चुकवून तेथे शिरावे व फळ पिकले की नाही याची खातरजमा अंगठ्याने दाबून करावी, हा माझा नित्यक्रम होता. एके सकाळी आजोबांनी माझ्या अंगठ्याच्या खुणा काळ्या पडलेले सात-आठ आंबे माझ्यापुढे ओळीने मांडले आणि शांतपणे म्हणाले, "बोटानं नव्हे रे, नाकानं बघ."

झाडाला पाड लागला, फळाचे खांदे भरून देठाच्या वर उठले व देठाशी खळगा पडला, म्हणजे आंबा चौदा आणे तयार झाला असे समजून तो झेल्याने, बोटभर देठ राखून उतरवीत. कारण देठ मुळाशी तुटला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. उरलेले दोन आणे भाताच्या पेंढ्यात आठ-दहा दिवसांच्या मुदतीत फळ स्वतःच भरून काढी. पिकत्या फळातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या फळांसही पिकवितो, हे शास्त्र मी पुष्कळ पुढे वाचले, आजोबा एवढेच म्हणत, "एक पिकला की शेजाऱ्याला उठवतो." अढी उलगडताना ते प्रत्येक फळ देठाकडून नाकाशी नेत, आणि साल कितीही केशरी दिसो, परिमळ आला नाही तर ते निमूटपणे पेंढ्यात परत ठेवीत. साल किंचित सुरकुतू लागलेला आंबा मात्र ते अव्वल मानीत, आणि माझाही अनुभव तोच आहे.

पुढे मुंबईत एका चैत्रात पिवळ्याधमक रंगाला भुलून मी एक पेटी घेतली, तेव्हा देठाशी काहीच वास नव्हता, आणि कापल्यावर गर पांढुरका व आंबट निघाला. फळे झटपट पिकविण्यासाठी ठेवलेल्या कार्बाइडच्या भुकटीला ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू सुटतो. त्याने साल पिवळी होते, गर तयार होतोच असे नाही. कायद्याने ही रीत निषिद्ध आहे. माझ्या पेटीत तीच वापरली होती, असे मी सप्रमाण सांगू शकत नाही. परंतु पेटी घेण्यापूर्वी मी नाक वापरले नव्हते, ही चूक माझीच.

साक्यापुढे मात्र आजोबांचाही इलाज चालत नसे. बाहेरून निर्दोष, सुगंधी आणि सोळा आणे पिकलेल्या हापुसाच्या गरातही साक्याची फिकट, आंबूस गाठ असू शकते, आणि ती आंबा कापल्यावरच दिसते.