पायाखालची डबी

गिटार वाजवणाऱ्याची तक्रार बहुधा एकच असते : माझे मला ऐकू येत नाही. गायकाचे म्हणणे नेमके उलटे. त्याला गिटार नेहमीच जास्त ऐकू येते. आमच्या कॉलेजच्या वाद्यवृंदात या दोन तक्रारींच्या मध्ये मी तीन वर्षे बसलो आहे. वाद्यवृंद म्हणजे तरी काय, एक कीबोर्ड, ढोलक, ड्रमसेट, बेस गिटार आणि मी. गाणी निम्मी मराठी, निम्मी कन्नड. बेळगावात स्नेहसंमेलन करायचे तर हा हिशेब सांभाळावाच लागतो. गाणे कुठल्याही भाषेतले असो, दोन कडव्यांच्या मध्ये गिटारचा एक पीस येतो आणि नेमका तोच ढोलक-ड्रमच्या गदारोळात बुडतो.

कोणी म्हणेल, मग आवाजाचे बटण फिरवा की! पण वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात. पीस आला की बटण वाढवायचे, कडवे आले की कमी करायचे, एवढी सवड गाणे देत नाही. तार जोरात छेडावी तर तिचा सूर किंचित चढतो आणि गोडवाही जातो. माझे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना ही अडचण कधी आलीच नाही. बुवांनी ओळ सोडली की त्यांचा डावा हात भात्यावर जरा जोर धरतो, पेटी पुढे येते. बुवांनी पुन्हा सूर लावला की ती मागे सरते. उजव्या हाताला याचा पत्ताही नसतो. संगत म्हणतात ती हीच. इलेक्ट्रिक गिटारला असा भाता नाही. तो वेगळा आणून पायाखाली ठेवावा लागतो. त्याचे नाव क्लीन बूस्ट पेडल.

माझी डबी आमच्या गल्लीतल्या अण्णांनी करून दिली. अण्णांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान केव्हाच बंद केले आहे, पण डाग द्यायचा हात अजून स्थिर आहे. बोलणे अर्धे कन्नड, अर्धे मराठी. आत पाहाल तर निराशा होईल : एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक व्हॉल्यूमचे बटण, ९ व्होल्टची बॅटरी आणि पायाने दाबायचा खटका. हे सगळे पत्र्याच्या डबीत. प्लास्टिकची चालली नसती. पत्रा अर्थला जोडला म्हणजे ट्यूबलाइटची घूं-घूं बरीचशी बाहेरच राहते.

ही मांडणी अण्णांची नव्हे. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या कंपनीने १९६९ च्या सुमारास ‘एलपीबी-१’ नावाचे यंत्र विकायला काढले, त्याचीच ही नक्कल. त्याची जन्मकथा गमतीची आहे. कंपनीचे माइक मॅथ्यूज यांना गिटारचा स्वर लांबवणारे एक यंत्र हवे होते आणि ते काम त्यांनी रॉबर्ट मायर या तंत्रज्ञाला दिले होते. गिटारमधून येणारा संदेश क्षीण पडतो म्हणून मायरने मुख्य यंत्राच्या आधी एक छोटी डबी जोडली. मॅथ्यूज यांची नजर मुख्य यंत्रावरून त्या डबीवर गेली, आणि डबीच बाजारात आली!

डबी करते काय? आलेला संदेश मोठा करून पुढे ढकलते, बस्स. त्यात स्वतःची खरखर मिसळत नाही, म्हणून ती ‘क्लीन’. पण या शब्दावर फार विसंबू नये. गिटारचा पिकअप साधारण एक दशांश व्होल्ट देतो. त्याची वीसपट केली तर दोन व्होल्ट होतात, ते डबीला पेलतात. मात्र जोरदार पिकअपवर सगळ्या तारा एकदम छेडल्या तर एक व्होल्टपर्यंतचा ठोकाही येतो. त्याचे वीस व्होल्ट ९ व्होल्टच्या बॅटरीतून कुठून निघणार? लाटेचे शेंडे छाटले जातात आणि क्लीन डबीही फाटते.

अण्णा डबी हातात देताना म्हणाले, “हे बघ, ही नुसती ढकलतीय. पुढच्याला झेपतंय काय ते तू बघ की.” या वाक्याचा अर्थ मला मडगावला कळला. तिथल्या एका बँडमधल्या ओळखीच्या गिटारवाल्याकडे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. तो त्याने आधीच बराच चढवून ठेवला होता. मी डबी दाबली, तर आवाज फारसा वाढलाच नाही! स्वर मात्र जाड झाला, रेंगाळू लागला, कडेला खरबरीत झाला. व्हॉल्व्ह आधीच भरलेले असले की जादा संदेश आवाजात न उतरता स्वराच्या रंगात उतरतो. त्यांच्या लोकांना तेच हवे असते. आमच्या कॉलेजच्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला मात्र असे भरले तर तो सुती कापड टरकावल्यासारखा ओरडतो.

जागेचेही तसेच. माझ्याकडे आवाज खरबरीत करणारे ओव्हरड्राइव्हचे पेडल आहे. डबी त्याच्या आधी जोडली तर खरबरीतपणा वाढतो, नंतर जोडली तर आवाज वाढतो. दोन्हीकडे लावून पाहिली. मला पीस ऐकू यायला हवा होता, म्हणून ती नंतर राहिली.

आता हिशेब. डबी सहा डेसिबेलवर ठेवली की व्होल्टेज दुप्पट होते आणि ॲम्प्लिफायरकडून मागितली जाणारी ताकद चौपट. आमचा ॲम्प्लिफायर ४० वॅटचा. म्हणजे पीसच्या वेळी त्याला स्वच्छ वाढायचे असेल, तर बाकीचे गाणे मी १० वॅटच्या आत वाजवले पाहिजे. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला तर दहा डेसिबेल लागतात. मग गाण्यासाठी उरतात ४ वॅट! बूस्ट विकत घेणारे आवाज वाढवायला घेतात, आणि पहिले काम करावे लागते ते आवाज कमी करायचे.

इथेच तालमीत भांडण झाले. मी खाली आलो आणि बाकी कोणी आले नाही, तर मी नुसताच गडप होणार. कीबोर्डवाल्याचे मत असे की त्याचे वाद्य मुख्य आहे. ड्रमवाल्याला हळू वाजवणे म्हणजे कमीपणा वाटतो. दोन तालमी यातच गेल्या. शेवटी कन्नड भावगीत म्हणणारी आमची गायिका म्हणाली, “तुम्ही सगळे एवढं वाजवायला लागला तर मी घरी जाते की.” ती नसती तर आठ दिवसांवर आलेला कार्यक्रमच पडला असता. सगळ्यांनी बटणे खाली आणली. ड्रमवाला दोन दिवस बोलला नाही, पण हळू वाजवला.

बेसवाल्याने मधल्या काळात डबी दोनदा पळवली. त्याच्या जुन्या बेसचा संदेश मंद, आणि दुसऱ्याकडून मागून आणलेल्या बॅटरीवाल्या बेसचा जोरकस. वाद्य बदलले की आवाज बदले. जुन्या बेसला थोडा बूस्ट देऊन त्याने दोन्ही सारखे केले. त्याहून पुढे जाऊ नये हे त्याचे त्यालाच समजले, कारण खालचे स्वर ताकद फार खातात आणि स्पीकरचा कागद धपाधप हलू लागतो.

संमेलनाला बाबा आले होते, मागच्या रांगेत. भावगीताचे पहिले कडवे संपले, मी खटका दाबला, पीस वाजवला, दुसऱ्या कडव्याआधी पुन्हा दाबला. रात्री घरी चालत येताना ते गोगटे सर्कलपर्यंत काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिनं सूर लावला तसा मागं सरलास, ते बरं केलंस.” थोड्या वेळाने, “कितीला पडली रे ती डबी?”

अण्णांनी पैसे घेतले नव्हते. बॅटरीचे तेवढे माझे.