दोन आकडे

आपल्या भाषेने एका शब्दात दोन धंदे बसवून ठेवले आहेत, हे वयाची पस्तिशी येईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. आकडा म्हणजे अंक, आणि आकडा म्हणजे ज्याला ओझे अडकवतात तो लोखंडी हूक. पहिला आकडा माझ्या पोटापाण्याचा, दुसरा आमच्या फिटरमामांचा. मी वहीत आकडे मांडीत असे, ते छताला आकडे टांगीत असत. एकाच छपराखाली आम्ही वर्षानुवर्षे काढली. पण खरे सांगायचे तर दोघांच्याही मनात दुसऱ्याच्या आकड्याविषयी थोडी तुच्छताच होती. त्यांना वाटे, कागदाने कधी वजन उचलले आहे काय? मला वाटे, हातोडीला कधी हिशेब आला आहे काय?

आमचा कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तुर्भ्याच्या अलीकडे होता. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये ही औद्योगिक वसाहत. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, सिडको १९७० साली. म्हणजे इथे आधी भोंगे वाजू लागले आणि शहर मागाहून आले. मी बोलतो आहे ती गोष्ट १९९३ सालची. त्याआधी वर्षभरच खाडीवरून वाशीपर्यंत लोकल धावू लागली होती, आणि १९८९ पासून चालू झालेल्या न्हावा-शेव्याच्या बंदरामुळे आमचा माल मुंबईच्या गोदीत न जाता त्या बाजूने जाऊ लागला होता.

माझ्याकडे स्टोअरची कामे होती, आणि त्यांतच एक जाडजूड नोंदवही होती. कारखान्यात ओझे उचलणारे जे जे काही असेल, म्हणजे क्रेन, चेन-पुली, साखळ्या, वायर-रोप, आकडे, त्या सर्वांची ती वही. तेव्हा १९४८ चा कारखाना अधिनियम लागू होता. त्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे अशा प्रत्येक वस्तूवर ती किती भार सुरक्षितपणे उचलू शकते तो आकडा उमटवलेला असावा लागे, आणि बारा महिन्यांतून निदान एकदा 'सक्षम व्यक्ती'ने ती कसून तपासून नोंद करावी लागे. 'सक्षम व्यक्ती' हा कायद्याचाच शब्द. मी घरी तो पहिल्यांदा उच्चारला तेव्हा पत्नीने शांतपणे विचारले होते, "आणि मग बाकीचे तुम्ही सगळे कोण?"

त्या वहीत वस्तूचा क्रमांक, भार, तपासणीची तारीख अशी घरे होती आणि अगदी शेवटी एक अरुंद घर होते: 'दुरुस्ती वा फेरफार'. त्या घरात मी वर्षानुवर्षे एकच शब्द लिहीत आलो होतो: 'निरंक'. कचेरीत ज्याने नोकरी केली आहे त्याला या शब्दाचे सुख ठाऊक असेल. तो लिहिला की पेन टोपणात जाते आणि चहा येतो.

त्या वर्षी नवरात्रात एका मोठ्या यंत्राची घाई चालली होती. ते दिवाळीपूर्वी जहाजावर चढायचे होते. ते उचलायला जी नवी साखळी आणली तिची कडी जाड निघाली, आणि तीन टनी चेन-पुलीच्या आकड्याच्या तोंडात ती जाईना. फोरमन डोक्याला हात लावून बसले. मामा मात्र हसले. त्यांनी आकडा काढला, गॅसच्या ज्योतीवर लालबुंद केला, निमुळती पहार घालून त्याचे तोंड अंगठ्याएवढे उघडले, राखेत सावकाश निववला, कानस फिरवून लखलखीत केला आणि वर पिवळा रंग दिला. मला मान्य केले पाहिजे, तो आकडा पूर्वीपेक्षा देखणा दिसत होता. कडी त्यात अशी बसली की जणू तिच्यासाठीच घडवला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फुटले, चेन-पुलीलाही हळद-कुंकू वाहिले. कुणीतरी भक्तिभावाने नेमके 'तीन टन' या अक्षरांवर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते. पूजा झाल्यावर फोरमन माझ्या टेबलापाशी आले.

"तात्या, त्या आकड्याचं सर्टिफिकेट आहे ना आपल्याकडे?"

"आहे की. मार्चमधलं."

"क्रमांक तोच आहे, आकडा तोच आहे. वही भरून ठेवा. परवा माल उचलू."

मी म्हणालो, "पण त्याचं तोंड उघडलंय ना?"

"अहो, तोंड उघडलं म्हणजे काय माणूस बदलतो?" ते म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. आणि हसता हसता त्या शेवटच्या घरात लिहिले, 'निरंक'.

दसऱ्याला कारखाना बंद. घरी पाटीपूजन होते. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना ठाऊकच असेल की पाटीवरची सरस्वती चित्राने काढीत नाहीत, ती एकाच्या आकड्यांनी काढतात. मुलगी जीभ बाहेर काढून एकेक 'एक' मांडीत होती. तिच्या आईने एक 'एक' तिरपा पडला म्हणून "असू दे गं" म्हटले, तर ती म्हणाली, "नको, मग ती सरस्वती होणार नाही," आणि पुसून तिने तो पुन्हा काढला. मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुमचं पेन द्या ना पूजेला."

मी खिशाला हात लावला आणि तो तसाच राहिला. कालचा 'निरंक' याच पेनाने लिहिला होता. मला परवाचे दृश्य दिसू लागले. तीन टनांचे यंत्र हवेत, आणि त्याला हाताने दिशा देत दोन्ही बाजूंना उभी असलेली चार पोरे. त्यांतला एक तर श्रावणात लग्न ठरलेला. ती पोरे वर पाहत नाहीत. त्यांना वाटते, वरचे पाहणारे कुणीतरी आहे. ते कुणीतरी म्हणजे मी होतो, आणि मी तर आकडा हातातही घेतला नव्हता. एका माणसाने मार्चमध्ये एक आकडा तपासून सही केली होती. तो आकडा मामांनी अष्टमीला विस्तवात घालून दुसराच केला. जुन्याची सही मी नव्याला चिकटवली होती. एका मुलीची पत्रिका दाखवून दुसरीचे लग्न लावावे तसे ते काम होते.

मी पेन दिले, पण त्या दिवशी सोने वाटायला कुणाकडे गेलो नाही.

एकादशीला सकाळी आठाच्या ठोक्याला मी थेट साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळे सांगितले. साहेब आधी माझ्यावर रागावले, मग फोरमनवर, आणि मग त्यांनी टेलिफोन उचलून सक्षम व्यक्तीला बोलावले. फोरमन माझ्याकडे न पाहता निघून गेले. मामा मात्र समोर येऊन उभे राहिले. "तात्या, माझ्या हाताला खोटं ठरवलंस?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुपारी सक्षम व्यक्ती आली. मला कुणी भव्य पुरुष येईल असे वाटत होते. आले ते एक किरकोळ, वयस्क गृहस्थ. डोळ्यांवर जाड चष्मा, पिशवीत एक हातोडी, मोजमापाचे कॅलिपर आणि डबा. त्यांनी रुमालाने ते स्वस्तिक हलकेच पुसले, आधी नमस्कार करून. मग मामांना विचारले, "तापवलात का?"

मामा ताठ उभे राहिले. "तापवला. आमचे वडील मुंबईच्या गोदीत होते. तिथं साखळ्या, कड्या, आकडे वर्षातून एकदा भट्टीत घालून लाल करीत आणि निववीत. बारीक असतील तर सहा महिन्यांनी. आणि ते कायद्यानं करीत, साहेब. तापवणं हा गुन्हा कधीपासून झाला?"

मला वाटले आता हे गृहस्थ चिडतील. ते म्हणाले, "तुमचे वडील बरोबर करीत होते."

आणि मग त्यांनी जे सांगितले ते ऐकायला सगळी शाळा भोवती जमली. १९३२ साली जिनिव्हाला गोदीतल्या मजुरांच्या सुरक्षिततेबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला, आपल्याकडे त्यासाठी १९३४ साली कायदा आला, आणि साखळ्या-आकडे ठरावीक मुदतीने तापवून निववण्याचा नियम त्या करारातलाच. कारण त्या काळी ते घडीव लोखंडाचे असत. वापरून वापरून, धक्के खाऊन ते लोखंड आतून कडक आणि ठिसूळ होई; तापवून सावकाश निववले की पुन्हा चिवट होई. विस्तव हे त्याचे औषध होते. "पण मामा," ते म्हणाले, "हा आकडा त्या लोखंडाचा नाही. हे पोलाद आहे, आणि कारखान्यात याला पाणी दिलेलं आहे. कोयत्याला देता ना, तसंच. पाणी दिलेला कोयता पुन्हा लाल करून राखेत ठेवला तर काय होतं?"

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "पाणी उतरतं."

"दिसतं का उतरलेलं?"

"नाही दिसत. लागतं तेव्हा कळतं."

त्या गृहस्थांनी आकड्याच्या दोन्ही ओठांवर ठोकून एकेक बारीक टिंब उमटवले, दोन टिंबांमधले अंतर मोजले आणि मला म्हणाले, "लिहा." मी लिहिले. मग चाचणी झाली. नव्या वा बदललेल्या वस्तूवर, तिने जन्मभर उचलायचा त्याच्या सव्वापट भार ठेवून पाहतात. तीन टनांना पावणेचार. सगळ्यांना दूर उभे केले. वजन वीतभर उचलले आणि तसेच धरून ठेवले. त्या मिनिटांत यंत्रांचा आवाज बंद होता आणि रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न आत ऐकू येत होते.

काहीही झाले नाही. आकडा तुटला नाही, तडकला नाही. वजन खाली आले. फोरमनच्या चेहऱ्यावर रंग आला, कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मीच तेवढा मान खाली घालून उभा होतो. उगाच बोभाटा केला, असे वाटले.

"मोजा," गृहस्थ म्हणाले आणि कॅलिपर मामांच्याच हातात दिले. मामांनी मोजले. मग पुन्हा मोजले. मग माझ्याकडे पाहून विचारले, "मघाशी काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवले. फरक एका सुताचा होता. इंचाचा आठवा भाग.

"चांगलं पोलाद ताणलं जातं आणि भार गेला की परत येतं," गृहस्थ म्हणाले. "हे परत आलं नाही. आज एक सूत, उद्या आणखी एक. दहाव्या किंवा विसाव्या खेपेला कडी बाहेर."

डोळ्यांना त्यातले काहीच दिसत नव्हते. आकडा पूर्वीइतकाच पिवळा, पूर्वीइतकाच देखणा होता. आधीचे माप कागदावर नसते, तर नंतरच्या मापाला काही अर्थच नव्हता. हाताला आत्ताचे कळते. कालचे लक्षात ठेवायला कागदच लागतो.

मामा म्हणाले, "म्हणजे बापही खरा आणि मीही खोटा नाही. लोखंड बदललं." आणि थोड्या वेळाने विचारले, "पण साहेब, कुठलं लोखंड कसलं, हे आम्ही ओळखायचं कसं?"

गृहस्थांनी माझ्या टेबलावरच्या फायलीकडे बोट दाखवले. आकडा बनवणाऱ्याच्या सर्टिफिकेटवर, खालच्या बाजूला, ते लिहिलेले होते. कोणते पोलाद, कोणती प्रक्रिया. मार्चपासून नव्हे, वस्तू आली त्या दिवसापासून ते माझ्या कपाटात होते, आणि मी एकदाही वाचले नव्हते.

तो आकडा पुन्हा कुणी वापरू नये म्हणून मामांनी स्वतःच गॅसने कापून त्याचे दोन तुकडे केले. नवा आकडा, मोठ्या तोंडाचा, त्याच्या कागदांसह आला. यंत्र चार दिवस उशिरा बंदरावर गेले, ठरलेले जहाज चुकले, पुढच्याची वाट पाहावी लागली. फोरमन महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मात्र फराळाचा डबा त्यांनी पाठवला. ज्या पोराचे लग्न ठरले होते त्याने पेढे आणले, आणि त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. ते मला बरे वाटले.

वहीतला तो 'निरंक' मी खोडरबराने घालवला नाही. तांबड्या शाईने रेघ मारली, तो वाचता येईल अशी, आणि पुढे लिहिले: 'आकडा तापवून तोंड उघडले. चाचणीत नापास. मोडीत.' खाली तारीख आणि माझी सही. त्यानंतर मामा कुठलीही वस्तू ज्योतीवर धरण्यापूर्वी माझ्या टेबलाशी येऊन विचारू लागले, "तुझा आकडा काय म्हणतो?" आणि मीही, वही भरण्यापूर्वी उठून त्यांचा आकडा हातात घेऊन पाहू लागलो.

आता त्या रस्त्यावर काचेच्या इमारती झाल्या आहेत. कायदाही नवा आला; १९४८ च्या अधिनियमासह अनेक कायदे एकत्र करून संसदेने २०२० साली नवी संहिता केली. वहीची जागा संगणक घेईल. पण वर ओझे आणि खाली माणूस, ही मांडणी तशीच आहे.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला कागदात गुंडाळून काहीतरी दिले. त्या आकड्याचा अर्धा तुकडा होता, कानसून गुळगुळीत केलेला. "कागद उडतात तुझे," एवढेच म्हणाले. दर दसऱ्याला तो पाटीशेजारी पूजेत असतो. यंदा नातीने तो उचलून पाहिला आणि विचारले, "आजोबा, हा आकडा कितीचा?"

मी तिला जवळ बसवले आणि सगळे पहिल्यापासून सांगितले. 'निरंक'सुद्धा.