वाऱ्याच्या वाटेवरची नगरपालिका

बटान बेटावरच्या इवानाच्या धक्क्यावर होडी सुटायची वेळ समुद्र ठरवतो. पहाटे पोचलो तेव्हा आमची होडी, फालोवा, भरायला सुरुवात झाली होती. तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या, अंड्यांचे ट्रे, एक मोटरसायकल आणि मग माणसं. फिलिपाईन्समध्ये इतरत्र होड्यांना दोन्ही बाजूंनी बांबूच्या उलांड्या असतात. फालोवाला त्या नाहीत, कारण बटान आणि सबतांग या बेटांमधल्या खाडीत पॅसिफिक आणि दक्षिण चीन समुद्र एकमेकांवर आदळतात. गोल बुडाची ही लाकडी होडी लाटेशी झुंजत नाही, तिच्याबरोबर वरखाली होते. प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा. तेवढ्यातही बाहेरच्या बाजूला बसलेले सगळे चिंब भिजले. दुपारनंतर समुद्र चढतो, म्हणून कामं सकाळीच उरकतात. हवामान बिघडलं की तटरक्षक दल होड्या थांबवतं आणि पलीकडच्या माणसांना घरात असेल त्यावर भागवावं लागतं.

पलीकडे म्हणजे सबतांग. बटानेस हा फिलिपाईन्सचा उत्तर टोकाचा, लोकसंख्येने आणि क्षेत्रफळानेही सर्वांत लहान प्रांत. त्याच्या सहा नगरपालिकांपैकी ही एक. सुमारे ४१ चौरस किलोमीटर जमीन, १,७०० च्या आसपास माणसं आणि सिनाकान, मालाकदांग, साविदुग, चावायान, सुमनांगा, नाकानमुआन अशा सहा वस्त्या. त्यांना बरांगाय म्हणतात. धक्क्यापासून चालत थोड्या अंतरावर सॅन व्हिसेंत फेरेरचं चर्च लागतं. पाहुण्यांनी आधी नाव नोंदवायचं, शुल्क भरायचं, मगच पुढे जायचं. नोंदवही सांभाळणाऱ्या बाईंनी कुठे उतरणार, परत कधी जाणार, हे विचारून घेतलं. बेटावर किती माणसं आहेत हे त्यांना रोज ठाऊक असावं लागतं. वादळ आलं तर तेवढ्यांच्या जेवणाची सोय पाहायची असते.

१९९१ च्या स्थानिक शासन कायद्याने देशातल्या प्रत्येक नगरपालिकेला मेयर, उपमेयर आणि आठ निवडून आलेले सदस्य दिले आहेत. मनिलाजवळच्या लाखोंच्या वस्तीला जी चौकट, तीच सबतांगला. केंद्राकडून येणाऱ्या करवाट्यातला निम्मा भाग लोकसंख्येवर वाटला जातो, पाव भाग क्षेत्रफळावर आणि उरलेला पाव सगळ्यांना समान. लोकसंख्येच्या हिशेबात सबतांगच्या पदरात फार काही पडत नाही. समान वाटपाची ती पाव हिस्स्याची तरतूद अशा बेटांना तारून नेते. कायदा लिहिणाऱ्यांनी लहान गावांचा एवढा तरी विचार केला, याचं मला मनापासून समाधान वाटलं.

साविदुगच्या वाटेवर उजाड उंचवट्यासारखा एक खडक दिसतो. तो इद्जांग, म्हणजे इथल्या इवातान लोकांचा जुना किल्ला. स्पॅनिश येण्याआधी संकटाच्या वेळी माणसं अशा खडकांचा आसरा घेत. १७८३ मध्ये ही बेटं स्पॅनिश अंमलाखाली आली. १७९१ मध्ये सबतांगचा प्रमुख अमान दांगात स्पॅनिशांच्या जुलमाविरुद्ध उठला. त्याला मृत्युदंड झाला आणि बेटावरच्या लोकांना उठवून समोरच्या इवानात वसवलं गेलं. परतायला त्यांना पुढचं शतक उजाडावं लागलं. आजची गावं त्या परतलेल्यांच्या वंशजांची आहेत.

चावायानमध्ये मी बराच वेळ एका घरासमोर उभा होतो. दगड आणि चुन्याच्या भिंती जवळजवळ हातभर जाड, दार ठेंगणं, खिडक्या लहान. तीन भिंतींना खिडक्या होत्या. ज्या बाजूने वादळी वारा सर्वांत जोराने येतो ती चौथी भिंत कोरी. छपराला कोगोन गवताचे थरावर थर, वेताने बांधलेले. कडेला हात घातला तर बोटं आतपर्यंत पोचत नव्हती. वादळाची सूचना आली की या छपरावर दोरांचं जाळं टाकतात आणि त्याची टोकं जमिनीत पुरलेल्या दगडांना करकचून बांधतात. नीट शाकारलेलं छप्पर दोन-तीन दशकं टिकतं, पण ते शाकारणं एका कुटुंबाचं काम नव्हे. गवत कापायला, वाहायला, पेंढ्या बांधायला सगळा गाव लागतो. अशा सामूहिक कामाला इथे यारू म्हणतात. मजुरी कोणी मागत नाही. घरमालकाने जेवण घालायचं आणि पुढच्या घराच्या वेळी स्वतः हजर राहायचं.

शेजारच्या ओसरीवर एक आजी वाकुल विणत होत्या. व्होयावोय नावाच्या ताडवर्गातल्या झाडाची पानं वाळवून, बारीक चिरून त्यांचे झुपके ओळीने घट्ट बसवायचे. तयार झालेलं वाकुल डोक्यापासून पाठीवर खाली उतरतं, कोकणातल्या इरल्यासारखं. ऊन, पाऊस, वारा, तिन्हींपासून राखण. शेतात रताळी आणि कोनफळं काढताना बायका ते अजून घालतात. आजींनी एक झुपका बसवला, ओढून पाहिला, मनासारखा न वाटल्याने सोडला आणि पुन्हा बसवला.

जाड भिंतींचा एक धोका मात्र शेजारच्या इतबायात बेटाने दाखवून दिला. २७ जुलै २०१९ च्या पहाटे तिथे लागोपाठ भूकंप झाले, दगडी घरं कोसळली आणि नऊ जणांचा जीव गेला. वाऱ्याला पुरून उरलेली भिंत जमीन हलल्यावर माणसांवर पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये किको वादळ इवानावर येऊन धडकलं, तेव्हा पुन्हा वाऱ्याचीच परीक्षा होती. सबतांगच्या माणसाला घर बांधताना दोन्हींचा विचार करावा लागतो. सिमेंट आणि सळया होडीतूनच आणाव्या लागतात, आणि शाकारण्यापेक्षा पत्रा घालणं सोपं पडतं. त्यामुळे गल्लीत दगडी भिंतींवर पत्रे वाढताना दिसतात. त्याबद्दल घरमालकांना नावं ठेवायचा अधिकार फोटो काढून दुसऱ्या दिवशी निघून जाणाऱ्या आमच्यासारख्यांना नाही.

बटानेसचा भूप्रदेश आणि समुद्र १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. २००१ च्या कायद्याने सगळा प्रांत संरक्षित झाला. ही घरं आणि ही गावं देशाचा ठेवा आहेत असं म्हणायचं, तर भूकंपातही उभी राहतील अशा भिंती बांधण्याचं तंत्र आणि त्याचा पैसा देशाने पुरवायला हवा. करवाट्यावर चालणाऱ्या १,७०० माणसांच्या नगरपालिकेला ते एकटीने जमणारं नाही. छपरावर चढणारे हात सबतांगकडे अजून आहेत. पण शिक्षणासाठी प्रांताच्या राजधानीला, बास्कोला, आणि नोकरीसाठी मनिलाला जाणारी मुलं वाढत आहेत, तेव्हा ही मदत ते हात गावात आहेत तोवरच पोचली पाहिजे.