दुखत नाही म्हणून

आमच्या मोहल्ल्यात दातांच्या डॉक्टरकडे लोक दोनच कामांसाठी जातात. दात दुखतो म्हणून, नाहीतर काढायचा म्हणून. माझं दोन्ही नव्हतं. ब्रश करताना थोडं रक्त यायचं, एवढंच.

डॉक्टरबाईंनी खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घालून खोली मोजली. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर असते. माझ्या मागच्या दाढांपाशी ४ आणि ५ भरली. एक्स-रेमध्ये हाड किंचित झिजलेलं दिसलं. त्या म्हणाल्या, "सुरुवात आहे. गेलेलं हाड सफाईने परत येत नाही, उरलेलं राखता येतं."

नेहमीच्या सफाईत वरवरचा थर निघतो. या खोल सफाईत हिरडीच्या खाली, दाताच्या मुळावर साचलेला दगडासारखा थर खरवडून काढतात. हिरडी बधिर करून एका दिवशी अर्धं तोंड, पुढच्या आठवड्यात उरलेलं. दुखलं नाही, खरवडण्याचा आवाज मात्र डोक्यात घुमत राहिला. नंतर काही दिवस थंड पाण्याने दात शिवशिवले. दीड महिन्याने पुन्हा मोजलं, तर बहुतेक ठिकाणी ३ आलं होतं.

अम्मीला हे सांगितलं तर ती घाबरली. "दात साफ केले की हलतात," हे तिने आयुष्यभर ऐकलंय. पन्नाशीच्या आत तिचे बहुतेक दात गेले, तेही सफाई न करता. खरं तर आधार हाडाचा असतो आणि तो आतल्या आत झिजत जातो. थर निघाला, सूज उतरली की झाकलेल्या फटी दिसू लागतात आणि दोष मात्र सफाईवर येतो.

आमच्या घरातल्या बायकांनी दात दुखतो म्हणून मिस्री लावायला सुरुवात केली आणि ती सुटलीच नाही. मिस्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने हिरड्या मजबूत होत नाहीत, खराब होतात.

जुम्म्याला मशिदीबाहेर मिसवाक विकायला असते. मीही घेतो. तोंड स्वच्छ ठेवणं ही सुन्नत आहे आणि मिसवाकने रोजचा मऊ थर निघतोही. पण एकदा तो घट्ट झाला की मिसवाक काय, ब्रश काय, कशानेच निघत नाही. तिथे डॉक्टरचाच हात लागतो. त्यानंतर राखण्याचं काम आपलं. मला दर तीन महिन्यांनी बोलावलंय.

धाकट्या भावाला मधुमेह आहे. साखर वाढलेली राहिली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. म्हणून या शनिवारी त्याचा नंबर लावलाय. तो म्हणतो, "भाईजान, पण मला तर काही दुखत नाही."

अम्मीलाही दुखत नव्हतं.