वाट पक्की, मुक्काम मोकळा

जबलपूरच्या ग्वारीघाटावर परिक्रमावासी दिसले, तर त्यांच्या प्रवासाची रीत जरूर समजून घ्या. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, तिचं पात्र ओलांडायचं नाही, एवढं पक्कं. रोजचा मुक्काम मात्र पाय आणि हवामान ठरवतात. नेपाळला एकट्याने किंवा एकटीने जाताना हीच रीत कामी येते.

आधी पक्क्या गोष्टी. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. केवळ आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका. रेल्वेने गोरखपूर गाठा, तिथून बसने सुनौली सीमा. पलीकडे गेल्यावर घड्याळ १५ मिनिटं पुढे करा.

पुढे लुंबिनी, डोंगरातलं तानसेन, पोखरा आणि काठमांडू. दोन आठवड्यांत एवढं पुरे. पहिला मुक्काम आणि परतीचं तिकीट आधी ठरवा, मधले दिवस मोकळे सोडा. तानसेन आवडलं, तर दोन रात्री जास्त राहा. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. मात्र दशैंच्या, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या दिवसांत बसगाड्या तुडुंब असतात. तेव्हा परतीआधी दोन दिवस हाताशी ठेवा.

डोंगरवाटांवर मात्र एकटं जाऊ नका. परदेशी ट्रेकर्सनी सोबत गाईड घ्यावा, असा नियम नेपाळने २०२३ मध्ये केला आहे. आणि रोज संध्याकाळी मुक्कामाचं नाव घरी कळवा. तुमचे दिवस मोकळे असले, तरी घरच्यांना घोर नको.