एकावर चौदा शून्ये

परवा रविवारी बुद्धविहारात वंदना आटोपली, माणसे चपला शोधू लागली, तोच अभ्यासिकेतल्या एका मुलाने आम्हांला बाजूला घेतले. "जय भीम काका, एक काम होते," म्हणत त्याने वहीत जपून ठेवलेली नोट काढली. नोट लाओस देशाची, एक हजार किपची. वस्तीतले एक जण धम्मसहलीला गेले होते, त्यांनी आणलेली. तिच्यावर तीन स्त्रिया आणि बाजूला व्हिएन्टिन शहरातला फा थात लुआंग स्तूप. परक्या देशाच्या नोटेवर स्तूप पाहून आमचे मन भरून आले.

"काका, ही आपल्या चार रुपयांची. पण आकडा हजाराचा आहे ना! वीस रुपयांना सहज जाईल."

मग त्याने सगळी योजना सांगितली. अमेरिकेत दुकानांच्या दाराशी हँडल फिरवायची छोटी यंत्रे असतात. पंचवीस सेंटची एक, दोन किंवा अधिक नाणी खाचेत ठेवायची, हँडल फिरवायचे, की प्लॅस्टिकची डबी खाली पडते. डबीत गोळी, अंगठी, खेळणे, काहीही. तिथे काही लोक ठोक व्यापाऱ्याकडून स्वस्त परदेशी नोटांची शंभर-शंभरची बंडले घेतात, एकेक नोट घडी करून डबीत घालतात आणि यंत्रात भरतात. नोट काही सेंटची, डबी अर्ध्या-एक डॉलरची. दुकानदाराला त्यातला वाटा. तशी दोन यंत्रे परदेशातून मागवायची, एक शाळेजवळ आणि एक स्टेशनजवळ ठेवायचे. सगळा खर्च चाळीस हजार. पैसे आई बचत गटातून उचलणार होती. आई चार घरची धुणीभांडी करते.

आम्ही कचेरीत आयुष्यभर आकडेच लिहितो. म्हटले, चल, कागद घे. वीस रुपयांतून नोटेचे चार गेले, डबीचा एक गेला, जागेवाल्याचे पाच गेले. उरले दहा. चाळीस हजार नुसते परत यायला चार हजार डब्या विकाव्या लागतील. रोज दहा विकल्या तरी चारशे दिवस. त्यात गटाचे व्याज धरलेले नाही, यंत्र बिघडले तर तेही नाही. आणि शाळेतले पोर एकदा हौसेने नोट घेईल, दुसऱ्यांदा कशाला घेईल? गोळी खाऊन संपते, म्हणून पुन्हा लागते. नोट संपत नाही. शिवाय ते यंत्र ठरावीक मापाचेच नाणे ओळखते. आपल्याकडे एकाच किमतीच्या नाण्यांचे आकार कितीदा बदलले, ते प्रत्येकाच्या खिशात दिसते.

मुलगा हिरमुसला, पण हटला नाही. म्हणाला, "काका, मग झिम्बाब्वेची शंभर ट्रिलियनची नोट ठेवू. ती तर जगभर खपते."

त्या नोटेची कथा समाजबांधवांनी ऐकण्यासारखी आहे. ती जानेवारी २००९ मध्ये निघाली. एकावर चौदा शून्ये, म्हणजे शंभर लाख कोटी डॉलर! भाव इतके भडकले होते की त्याआधीच्या तीन वर्षांत चलनावरची शून्ये दोनदा पुसावी लागली होती. नोट निघून काही महिने होतात न होतात, तोच तिथल्या लोकांनी आपले चलन सोडून अमेरिकन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड वापरायला घेतला. २०१५ मध्ये सरकारने ते चलन कायमचे बाद केले, तेव्हा या नोटेच्या बदल्यात चाळीस सेंट मिळत होते. पुढे हौशी लोकांनी तिचा भाव इतका चढवला की आता ती स्वस्त राहिलेली नाही, आणि बाजारात तिच्या सोनेरी नकला फिरतात. पण ज्या मजुराची उभी जिंदगीची बचत त्या शून्यांत बुडाली, त्याला त्या हौसेतून काय मिळाले? यंत्रातल्या डबीत घडी घालून ठेवलेली असते ती कुणाची तरी बुडालेली मजुरी असते, हे आपण तरी विसरू नये.

कारण हा विषय आपल्या घरातला आहे. १९२३ साली जर्मनीत एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. त्याच वर्षी लंडनमध्ये बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपया किती काढायचा हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, त्याची खरेदीची ताकद टिकली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढेही त्यांनी साक्ष दिली. रुपया स्वस्त झाला की भाव आधी चढतात आणि मजुरी मागून रखडत येते. व्यापाऱ्याचा नफा म्हणून दिसतो तो मजुराच्या खिशातून गेलेला असतो, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. हा विचार मात्र क्वचितच घरी नेतो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्ही विहारात कधी बोललो नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस वस्तीत यायचा. पाच वर्षांत दुप्पट, असे सांगायचा. लोकांनी आम्हांला विचारले, कारण आम्ही बी.कॉम. झालेलो. आम्ही कागद वरवर पाहिले आणि "ठीक दिसते" म्हणालो. त्या दोन शब्दांवर चार घरांनी पैसे भरले. एके दिवशी कार्यालयाला कुलूप लागले. आमचेही गेले, पण ते आमच्या चुकीचे गेले; त्यांचे आमच्या शब्दावर गेले. त्यांतल्या एक आजी अजूनही "जय भीम बाळा" म्हणतात, पैशाचे नाव काढत नाहीत. तेच जास्त लागते.

हे सगळे आम्ही त्या मुलाला सांगितले. कायदाही सांगितला: १९९९ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे चालू परदेशी नोटांचा धंदा रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून करता येत नाही. लाओसची नोट चालू आहे, म्हणजे तिथेच अडले. आणि धम्माचेही सांगितले. सम्यक आजीविकेत शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष हे पाच व्यापार वर्ज्य आहेत. नोटा त्यांत नाहीत. पण चार रुपयांची वस्तू लेकराला 'हजाराची' म्हणून विकली, तर चौथे शील कुठे राहिले?

संध्याकाळी त्याची आई घरी आली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही सगळं खरं बोललात. पण मग माझ्या पोरानं काही करूच नये का?"

या प्रश्नाने आम्ही गप्प झालो. नाही म्हणणे सोपे असते. नोकरदार माणसाला तर फारच सोपे. मुलगा आयटीआय झालेला, दोन वर्षे घरी बसलेला. नाणे टाकून यंत्र कसे चालते हे त्याने महिनाभर खपून समजून घेतले होते. आम्ही नोटाच पाहत बसलो, त्याची ती मेहनत आम्हांला दिसलीच नाही. आज गावोगाव नाणे टाकून पाणी देणारी यंत्रे बसली आहेत आणि ती बिघडतात. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे आम्ही त्याला घेऊन गेलो. सध्या तो तिथे शिकतो आहे. पगार अजून सांगण्यासारखा नाही. पण गटाचे चाळीस हजार उचललेले नाहीत, आणि आई निर्धास्त झोपते.

ती नोट त्याने अभ्यासिकेला दिली. काचेखाली लावली आहे. खाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: 'लाओस. एक हजार किप. आपल्या चलनात किंमत सुमारे चार रुपये.'

बांधवांनो, कुणीही मोठा आकडा घेऊन दारात आला, की त्याच्याकडून एवढी एक ओळ आधी लिहून घ्या. आणि आमच्यासारखा कुणी शिकलेला "ठीक दिसते" म्हणाला, तर त्यालाही कागद घेऊन शेजारी बसवा.