वज्रेश्वरीच्या वाटेवर दुर्बीण

भिवंडी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे यंत्रमाग आणि गोदामे उभी राहत असतील. ते काही खोटे नाही. पण एकदा भिवंडीहून वाड्याच्या एस.टी.त बसा, अंबाडी नाक्याला उतरा आणि वज्रेश्वरीकडे वळा. मागांची खडखड मागे पडते, भाताची खाचरे लागतात, आणि तानसा नदीच्या अंगाने उंबर-जांभळाची झाडे सोबत करतात. वज्रेश्वरीचे किल्ल्यासारखे देऊळ आहे, अकलोली-गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडे आहेत. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी हे देऊळ बांधवून नवस फेडला, असे सांगतात. भातकापणी उरकली की घरच्या मंडळींना घेऊन अवश्य या. येताना एक वस्तू मात्र बरोबर असू द्या, ती म्हणजे दुर्बीण. ती थोडक्या पैशांत कशी घ्यावी, हे मी एकदा फसून शिकलो. तुम्ही फसू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या मामांचे गाव याच पट्ट्यात. मामा आता पंचाहत्तरीचे. पोरवयात वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीमागे ते रानोमाळ हिंडले. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले. मामांनी बंदूक त्याच्या कितीतरी आधी खाली ठेवली होती. पण नजर शिकाऱ्याचीच राहिली. आता वयामुळे लांबचे नीट दिसेना. ओटीवर बसून ते विचारू लागले, "उंबरावर काय बसलंय रे?" तेव्हा मी दुर्बीण घ्यायचे ठरवले.

मुंबईच्या फुटपाथवर 'नव्वद पट' लिहिलेली, लाल काचांची, झूमची दुर्बीण बाराशे रुपयांना मिळाली. मोठ्या ऐटीत ती मामांच्या हाती दिली. त्यांनी डोळ्याला लावली, पुन्हा पुसून लावली आणि म्हणाले, "अरे, हे तर धुकं दिसतंय. धुकं बघायला दुर्बीण कशाला?" घटकाभरात त्यांचे डोके दुखू लागले. बाराशे रुपये पाण्यात गेले.

आता हिशेब समजून घ्या. दुर्बिणीवर ८ × ४२ असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते. दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी कळते. ८ × ४२ ला ती पाच मिलिमीटर भरते. अंधारात आपली बाहुली तरुणपणी सातएक मिलिमीटर उघडते, वय वाढले की पाचच्या आसपास येते. म्हणजे पहाटे-संध्याकाळी, जनावरे-पाखरे हलतात त्या वेळी, ही दुर्बीण पुरेसा उजेड देते. आणि माझ्या झूमवर लिहिले होते ९० × ८०. भागून पाहा, एक मिलिमीटरही भरत नाही! शिवाय जितके पट जास्त तितका हाताचा कंप जास्त. दहा पटींच्या पुढे बिनटेकूची दुर्बीण धरणे कठीण.

दुकानात गेलात की घाई करू नका. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा. मागच्या भिंगात उजेडाचे ठिपके दिसतील. ते गोल हवेत. कडा कापल्यासारख्या दिसल्या तर आतली लोलकाची काच हलकी समजा. मग दूरची विजेची तार पाहा. एकीच्या दोन तारा दिसल्या, किंवा डोळ्यांवर ताण आला, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण फुकट दिली तरी घेऊ नका. जुन्या बाजारात चांगला माल मिळतो, पण तेथे ही परीक्षा दुपटीने करा आणि आत बुरशीचे जाळे नाही ना, तेही पाहा. चष्मा असेल तर तो घालूनच बघा. लाल काचांना भुलू नका. रंग खरे दिसत नाहीत.

सरळ नळीच्या सुबक दुर्बिणी चांगल्या हव्या तर महाग पडतात. जुन्या धाटणीची, खांदे असलेली, ८ × ४० किंवा ८ × ४२ दुर्बीण सात-आठ हजारांत पुष्कळ स्पष्ट दाखवते. ही रक्कम लहान नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ती घरातल्या सगळ्यांची वस्तू होते. भातात रानडुकरे कोणत्या बांधाने शिरतात हे माळ्यावरून दिसते, आणि मुलांचा तर डोळाच तयार होतो.

दुसरी दुर्बीण घेऊन गेलो तेव्हा पौषातली सकाळ होती. नदीकाठचा उंबर फळांनी लगडला होता. मला नुसती पाने दिसत होती. मामांनी दुर्बीण लावली, मधले चाक हळूच फिरवले आणि गप्प झाले. पानांत हरियालांचा थवा होता. हरियाल म्हणजे आपल्या राज्याचा पक्षी, हिरवे कबूतर. बराच वेळाने मामा बोलले, "पाय पिवळेजर्द असतात बघ त्यांचे. लहानपणी कितीदा पाहिले, पण पाडलेला पक्षी हातात घेतल्यावर. जिवंत पाखराचे पाय आज पाहिले." पुढे ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

कोणी विचारील, स्पॉटिंग स्कोप घ्यावा का? ती एका डोळ्याची, तिपाईवर बसवायची लांब दुर्बीण. वीस ते साठ पट दाखवते. ठाण्याच्या खाडीत दूर चिखलावर उभे असलेले रोहित पाहायला तिच्यासारखी दुसरी नाही. त्या खाडीचा काही भाग २०१५ पासून अभयारण्य आहे. पण झाडीत ती निरुपयोगी, आणि बळकट तिपाई नसेल तर चित्र थरथरते. तेव्हा एकट्याने घेऊ नका. तरुण मंडळाने वर्गणीतून एक घ्यावी.

आपल्या कोकणपट्टीत पावसाळा हा दुर्बिणीचा वैरी. ओलसर कपाटात भिंगांना बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, उघाडीला हवा द्या. भिंग धोतराच्या सोग्याने पुसू नका; आधी धूळ फुंकून काढा, मग मऊ स्वच्छ फडक्याने टिपा. आणि मुलांना बजावून ठेवा, दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. डोळा कायमचा जातो.

आमची दुर्बीण आता ओटीवरच्या खुंटीला असते. पूर्वी त्याच खुंटीला बंदूक असायची. तुम्ही या बाजूला आलात तर पहाटेच या. उंबर अजून तेथेच आहे.